वही तिची, उतारा त्याचा

जानेवारीत चार दिवस माहेरी गेले होते. माहेर निफाड तालुक्यातलं. घरची अडीच एकर द्राक्षबाग. रात्रीची जेवणं झाली, ओटा आवरला, उद्यासाठी मटकी भिजत घातली आणि वहिनीनं फडताळातून दोन जाडजूड रजिस्टरं खाली काढली. सोबत प्लास्टिकची एक पिशवी. तिच्यात औषधांच्या दुकानातल्या पावत्या, चिठ्ठ्या, रिकाम्या पुड्यांवरची लेबलं. जमिनीवर मांडी घालून बसली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून तिनं विचारलं, 'अहो, मागच्या मंगळवारी भुरीवर काय मारलं होतं? आणि किती लिटर पाण्यात?'

आतून भावाचा झोपाळलेला आवाज आला, 'बघ ना तिथं, पावती असेल.'

'पावती सोमवारची आहे. फवारणी मंगळवारची. मग रात्रभर औषध कुठल्या खोलीत ठेवलं होतं, ते विचारतील ना उद्या!'

मला हसू आलं. तिला आलं नाही. दुसऱ्या दिवशी तपासणी होती.

माझ्या धाकट्या भावाची ही बायको. बी. ए. झालेली, अक्षर चांगलं, म्हणून २००८ साली लग्न होऊन आली त्याच्या पुढच्याच हंगामात हे काम तिच्याकडे आलं. ते आजतागायत तिच्याकडेच आहे. बागेत छाटणी कोणत्या तारखेला धरायची, औषध कोणतं आणायचं, माल कुणाला द्यायचा हे भाऊ ठरवतो. काय केलं ते लिहून ठेवायचं काम वहिनीचं.

काय काय असतं त्या फाईलमध्ये? सातबारा, आठ-अ, बागेचा नकाशा, माती-पाण्याचे अहवाल, दरवर्षी कृषी खात्याकडे करायच्या नोंदणीचा कागद. मग फवारणीची नोंद. तारीख, औषधाचं नाव, त्यातला मूळ घटक, प्रमाण, पाणी, कशासाठी मारलं, कुणी मारलं आणि फवारणीपासून तोडणीपर्यंत किती दिवस सोडायचे. खतांची नोंद वेगळी, मजुरांची वेगळी. परदेशातल्या मोठ्या दुकानांत माल जायचा असेल तर 'ग्लोबलगॅप'चं प्रमाणपत्र लागतं. २००७ पर्यंत त्याला 'युरेपगॅप' म्हणायचे. त्याची यादी आणखी लांब. औषधांच्या खोलीला कुलूप आहे का, रिकाम्या डब्यांचं काय केलं, ब्लोअर शेवटचा कधी तपासला, प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे...

आता कुणी म्हणेल, परदेशातले पैसे हवेत तर एवढं करायला नको का? हवंच. हे सगळं का आलं तेही सांगायला हवं. २००३ साली नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले आणि मोठा गहजब झाला. त्यानंतर 'अपेडा' या केंद्र सरकारच्या निर्यात संस्थेनं अंश तपासण्याची शिस्तशीर पद्धत बसवली. २००६ पासून 'ग्रेपनेट' नावाची संगणकीय व्यवस्था आली. प्रत्येक बागेला नोंदणी क्रमांक. तोडणीआधी प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन नमुना घेऊन जातो. अंश मर्यादेत असले तरच माल पुढे सरकतो. युरोपातल्या एखाद्या बाईनं दुकानातून आणलेल्या खोक्यात दोष निघाला, तर तो माग काढत निफाडच्या नेमक्या बागेपर्यंत येता येतं. देशात असं करणारं द्राक्ष हे अगदी पहिल्या पिकांपैकी एक. याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

आणि तपासणीचा एक फायदा तर मी डोळ्यांनी पाहिला आहे. आमच्या बागेत विरळणीला, डिपिंगला बाया येतात. त्यातल्या बऱ्याचशा पेठ-सुरगाण्याकडच्या. दिवसभर बागेत. वर्षानुवर्षं त्यांची सोय काय होती? काहीच नाही. आडोसा शोधायचा. प्रमाणपत्राच्या यादीत 'मजुरांसाठी स्वच्छतागृह आणि हात धुण्याची सोय' असा मुद्दा आला आणि बागेच्या कडेला संडास बांधला गेला. आमच्या आईनं आयुष्यभर सांगून जे झालं नाही, ते परदेशातल्या एका कागदानं केलं! म्हणून तपासणी नकोच, असं वहिनीही म्हणत नाही. मग तिचा राग कशावर आहे?

'ताई, तपासायला येतात त्याचं काही नाही हो,' ती म्हणाली. 'पण विचारायला कुणी येत नाही.'

तिचं हे वाक्य समजायला २०१० सालाकडे जावं लागेल. त्या हंगामात युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत 'क्लोरमेक्वाट क्लोराईड'चे अंश सापडले. शेतकरी त्याला 'सीसीसी' म्हणतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची नुसती वाढ रोखायला ते वापरलं जायचं. चोरून नाही, राजरोस, शिफारशीनं. युरोपची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. आणि गंमत अशी, की माल पाठवण्याआधी ज्या रसायनांसाठी तपासणी व्हायची, त्या यादीत हे रसायनच नव्हतं. म्हणजे इथल्या प्रयोगशाळेचा दाखला स्वच्छ आणि तिथे पोचल्यावर माल नाकारलेला. कंटेनर अडकले, भाव पडले, कित्येक बागायतदारांचे पैसे बुडाले.

त्यात आमचाही माल होता. 'माझं पहिलंच रजिस्टर होतं ते,' वहिनी म्हणाली. 'सीसीसी मारल्याची तारीख, प्रमाण, सगळं खरं लिहिलं होतं मी. तपासणीत कुणी म्हटलं नाही, की हे चालणार नाही म्हणून. आणि नंतर व्यापारी म्हणाला, तुम्ही मारलंच कशाला?'

मला वाटतं, शेतकऱ्यांच्या चिडीचं मूळ इथं आहे. कागद एकाच दिशेनं जातो. शेतकऱ्यानं काय केलं याचा पुरावा शेतकऱ्यानं द्यायचा. शिफारस करणाऱ्यानं काय शिफारस केली, दुकानदारानं कोणतं औषध गळ्यात मारलं, यादी करणाऱ्यानं काय गाळलं, व्यापाऱ्यानं पैसे कधी दिले, याची रजिस्टरं शेतकऱ्याला बघायला मिळत नाहीत. चूक झाली तर तिची किंमत मात्र बागेच्या नोंदणी क्रमांकावर पडते.

दुसरी चीड आहे ती पुन्हा पुन्हा विचारण्याची. द्राक्षाचं एक वेळ सोडा, ते निर्यातीचं पीक. पण साध्या सोयाबीन-कांद्याच्या शेतकऱ्याची तरी सुटका कुठे आहे? पूर्वी पीकपाहणी तलाठी लावायचा. २०२१ पासून ती शेतकऱ्यानं स्वतः मोबाईलवर, गटात उभं राहून फोटो काढून लावायची. पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार रुपये हवेत तर ई-केवायसी. २०२५ पासून राज्यात शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा. बँकेत कर्ज नूतनीकरणाला पुन्हा सातबारा, आठ-अ. विम्याला पुन्हा तेच. एकच जमीन, एकच माणूस, तोच आधार क्रमांक आणि सरकारच्या एका खिडकीनं दुसऱ्या खिडकीला सांगायची जबाबदारीही शेतकऱ्याचीच! मोबाईलला रेंज नाही म्हणून झाडाखाली, गच्चीवर, टेकाडावर हात उंच करून उभी राहिलेली माणसं खेड्यात कुठेही दिसतील. त्यात बाया बऱ्याच. कारण पोरांना मोबाईल कळतो, पण पोरं शाळेत असतात आणि नवरे मोटर चालू करायला गेलेले असतात.

तपासणी कडक का होते, यालाही कारणं आहेत. २०२३ च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीकविमा आला आणि दुसऱ्याच्या, अगदी सरकारी जमिनीवरसुद्धा विमा उतरवल्याची बोगस प्रकरणं बाहेर आली. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली. लबाडी करणारे थोडे, पण त्यांच्यामुळे वाढलेला कागद सगळ्यांच्या वाट्याला येतो. आणि लबाडाला कागदाची भीती नसते. तो कागद छान तयार करतो. अडखळतो तो रात्री अकरा वाजता 'मंगळवारी काय मारलं होतं' असं खरं खरं विचारणारा.

हा वैताग काही आपल्याकडचाच नाही. ज्या युरोपसाठी आमची वहिनी रजिस्टर भरते, तिथले शेतकरी २०२४ च्या सुरुवातीला ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले होते. जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम. ब्रुसेल्समध्ये थेट युरोपीय संसदेसमोर. डिझेलची सवलत, बाहेरून येणारा स्वस्त माल अशी कारणं अनेक होती. पण देशोदेशी एक तक्रार समान होती : आम्ही शेती करायची की फॉर्म भरायचे? त्यांचं ऐकलं गेलं. पडीक जमीन राखण्याची सक्ती मागे घेतली आणि दहा हेक्टरपेक्षा लहान शेतांना अनुदानाच्या पर्यावरणविषयक अटींच्या तपासण्यांतून आणि दंडातून त्याच वर्षी वगळण्यात आलं. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर! आमच्यासारख्या दहा बागा बसतील त्यात. अर्थात ही सूट अनुदानाच्या अटींची, औषधांच्या अंशांची नव्हे, हे खरं. अंशांची तपासणी सगळ्यांनाच हवी. पण लहान शेतकऱ्याला मोठ्याइतकाच कागद झेपत नाही, हे तिथल्या सरकारांनी मान्य केलं, एवढं तरी आपण घ्यायला हरकत नाही.

आता त्या तपासणीच्या दिवशीची गोष्ट. कृषी खात्यातला तरुण मुलगा मोटारसायकलवर आला. बिचारा सभ्य होता. घाम पुसत म्हणाला, 'मॅडम, मलाही वर हेच सगळं भरून द्यावं लागतं.' ओसरीवर बसून त्यानं रजिस्टर उघडलं. तो विचारत होता आणि वहिनी सांगत होती. कोणत्या तारखेला डाऊनीची फवारणी, कोणत्या तारखेला डिपिंग, तोडणीला किती दिवस उरले, नमुना कधी घ्यायचा. एका ठिकाणी त्यानंच औषधाच्या अंतराचे दिवस चुकीचे सांगितले. वहिनीनं लेबल काढून दाखवलं. त्यानं मान डोलावून दुरुस्ती केली. मी कौतुकानं बघत होते.

तासाभरानं तो म्हणाला, 'झालं. आता शेतकऱ्याची सही.'

वहिनीनं हात पुढे केला तसा तो जरा ओशाळला. 'तुमची नाही चालायची हो. खातेदाराची लागेल.'

मग भावाला बागेतून बोलावलं. तो चिखलाच्या पायांनीच आला, कुठे सही करायची ते वहिनीला विचारलं, तिनं बोट ठेवलं तिथं केली आणि परत गेला.

कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगते, आदल्या रात्री रजिस्टर पाहिलं नसतं तर मलाही वाटलं नसतं. देशात दर शंभर वहितीधारकांमध्ये बायका किती, हे कृषी गणनेत कळतं. २०१०-११ मध्ये १२.७९ टक्के होत्या, २०१५-१६ मध्ये १३.८७ टक्के. आणि शेतात राबणाऱ्या? त्यासाठी आकडा कशाला हवा, एस.टी.च्या खिडकीतून बाहेर बघितलं तरी पुरे. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणानं 'शेतकरी' म्हणजे फक्त जमिनीचा मालक नव्हे, कसणारा आणि राबणाराही, असं म्हटलं. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचं खासगी विधेयक मांडलं होतं. ते २०१३ साली त्यांच्या मुदतीबरोबरच बारगळलं. शेतकरी ओळख क्रमांक आला तोही जमिनीच्या उताऱ्याला जोडूनच. म्हणजे धोरणात शेतकरी असलेली बाई संगणकात पुन्हा 'शेतकऱ्याची बायको' झाली.

याचा फटका कधी बसतो ते आमच्या भावकीतल्या एका काकूंनी भोगलं आहे. त्याही नऊ वर्षं अशाच वह्या भरायच्या. काका ऐन पावसाळ्यात अचानक गेले. बागेची नोंदणी त्यांच्या नावावर, व्यापाऱ्याचा व्यवहार त्यांच्या नावावर, बँकेचं खातं त्यांचं. वारसनोंदीला सासूबाईंची, नणंदांची संमती. नोटीस, हरकतीची मुदत, फेरफार. हे होईपर्यंत निर्यात नोंदणीची मुदत उलटली. बाग तीच, वह्या त्याच, लिहिणारी तीच. पण त्या वर्षीचा माल गावातल्या व्यापाऱ्याला मिळेल त्या भावानं द्यावा लागला. औषधाच्या अंतराचे दिवस त्यांना तोंडपाठ होते. उपयोग काय? विचारणाऱ्याला हवा होता उतारा.

हे ऐकताना मला एकाएकी माझी स्वतःची सही आठवली. २०१२ साली आबा गेले. आई आधीच गेलेली. २००५ च्या कायदादुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच हक्क दिला होता, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी हक्कसोड पत्रावर सही केली. भावानं मागितली म्हणून नाही, मीच आपणहून. माहेर तुटू नये, शेती तुकड्यांत जाऊ नये. बहिणी करतात तसंच. त्या दिवशी तहसील कचेरीतून बाहेर येताना मला फार उदार वाटलं होतं. माझ्या वाट्याची जमीन कुणाला गेली? भावाला. ती राखते कोण? भाऊ आणि वहिनी दोघंही. मग सही करताना एवढं तरी मी का म्हटलं नाही, की माझं नाव काढतोस तर तिचं घाल? माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही!

तशी सोय नाही असंही नाही. आमच्या शेजारच्याच चांदवडला १९८६ च्या नोव्हेंबरात शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं होतं. आमच्या गावातून बाया ट्रॅक्टरमध्ये बसून गेल्या होत्या, त्यात आई होती. पुढे शरद जोशींनी 'लक्ष्मी मुक्ती'ची हाक दिली आणि गावोगाव नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमिनीचा तुकडा केला. राज्य सरकारनंही १९९२ साली त्याच नावाचं परिपत्रक काढलं. नवऱ्यानं अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. एवढी वर्षं झाली. किती नवऱ्यांनी अर्ज केला? आणि हेही कसं, की तिचं नाव लागायलाही सही त्याचीच!

शेतीच्या कागदांचं ओझं कमी करायचं म्हणजे काय, तर मला आता तीन साध्या गोष्टी दिसतात. एकदा दिलेला कागद दुसऱ्या खात्यानं पुन्हा मागू नये. ओळख क्रमांक दिलाच आहे, तर त्यानं निदान हे काम करावं. दुसरं, जबाबदारी दोन्हीकडून लिहिली जावी. औषधाच्या पावतीवर मूळ घटक, तोडणीपूर्वीचे दिवस, निर्यातीला चालतं की नाही, हे मराठीत छापलेलं असावं आणि त्याखाली दुकानदाराची सही असावी. यादी बदलली तर ती छाटणीआधी शेतकऱ्याच्या हातात पडावी, माल बंदरावर पोचल्यावर नव्हे. आणि तिसरं, जी नोंद ठेवते तिच्या सहीला किंमत असावी. त्यासाठी सातबाऱ्यावर तिचं नाव हवं.

पहिल्या दोन गोष्टी सरकारच्या हातात आहेत. त्या होतील तेव्हा होतील. तिसरी आपल्या घरातली आहे.

निघायच्या आदल्या रात्री मी भावाकडे विषय काढला. तो आधी हसला. 'ती काय परकी आहे का? सगळं तिचंच तर आहे.'

'मग लिहून का नाही?' हे मी नाही, वहिनी म्हणाली. रजिस्टरातून मान वर न करता.

भाऊ गप्प झाला. थोड्या वेळानं म्हणाला, 'हंगाम उरकू दे. खरड छाटणी झाली की जाऊ तलाठ्याकडे.' तो वाईट नाही. त्याला हे कधी कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

वहिनीनं पान उलटलं, एप्रिलमधली एक तारीख घातली आणि तिच्यापुढे 'तलाठी कार्यालय' असं लिहिलं. कशासाठी, या रकान्यात 'नाव लावणे'. मग पिशवीतून पुढची पावती काढली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, 'अहो, विसरलो म्हणू नका हं. नोंद आहे.'